म्हातारीच्या दोन पिना

"दोन्ही पाय टेकव, दात आवळ, अन् ओढ," वर्षाने हुकूम सोडला.

राजकुमारने पाय टेकवले, दात आवळले आणि स्टेअरिंगला लोंबकळला. ते भलंमोठं काळं स्टेअरिंग बोटभर फिरलं, जरासं थांबलं आणि मुकाट्याने जागेवर परत आलं.

"हललं," राजकुमार म्हणाला.

"तू हलला बे. ते जागीच हाय." वर्षाने त्याला बाजूला सारून स्वतः ओढून पाहिलं. तिच्याकडूनही ते बोटभरच हललं, तेव्हा तो विषय तिने तिथेच बंद केला. "आता राजदीप."

"मले नाई ओढायचं," राजदीप म्हणाला.

काहून, असं त्याला कोणी विचारलं नाही. तिघंही बोरी अरबच्या शाळेत सातवीच्या एकाच बाकावर बसत, आणि एका बाकावर बसणाऱ्यांना काही गोष्टी विचाराव्या लागत नाहीत.

दसऱ्याची तीन दिवस सुट्टी होती. बोरं अजून हिरवी, नदीला गाळ, आणि वावरात जावं तर मोठ्यांची तोंडं बघवत नव्हती. पावसाने कपाशीची बोंडं झाडावरच काळी पडली होती. त्या वर्षी गावात कोणी कोणाला 'यंदा कसं?' म्हणून विचारत नव्हतं. अशा वेळी फाट्यावरच्या पूनमसिंगच्या गॅरेजमध्ये म्हातारीचं स्टेअरिंग बदलणार, अशी बातमी आली. पूनमसिंग हा राजकुमारचा काका, त्यामुळे आत शिरायला अडचण नव्हती. सुट्टीचे बाकीचे बेत आपोआप रद्द झाले.

म्हातारी म्हणजे मोटार. विलायतेत बनलेली, वय साठीच्या आसपास, रंग कधीकाळी हिरवा, नाक लांब आणि दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे. ती जिनिंगच्या शेटजींची. कापसाचे दिवस फिरले, जिनिंगला कुलूप लागलं, शेटजी मुंबईला गेले आणि जाताना ड्रायव्हर देवीलालला म्हणाले, "चालली तर चालव." देवीलाल म्हणजे वर्षाचा बाप. तेव्हापासून म्हातारी तांड्यात राहत होती. तिच्यातून नवऱ्या सासरी गेल्या, बाळंतिणी दवाखान्यात गेल्या, आणि मागच्या भाद्रपदात राजदीपचे वडील बळीराम गेले.

बळीराम दुसऱ्याच्या वावरात कपाशीवर औषध फवारत होते. वारा तोंडावर होता. नाकाला रुमाल बांधला होता, तोही औषधाने ओला झाला होता. दुपारी धुऱ्याच्या बांधावर बसले ते उठले नाहीत. देवीलालने म्हातारी काढली. यवतमाळच्या वाटेवर एका उतारावर आडवं वळण आहे. एसटी ते एका दमात घेते. म्हातारीचं स्टेअरिंग इतकं जड की तिला पुढे, मागे, पुन्हा पुढे असं तीनदा करावं लागे. त्या दिवशी तिसऱ्या खेपेला चाक दगडावर चढलं, स्टेअरिंगने उलटा झटका मारला आणि देवीलालचं मनगट मोडलं. उरलेला रस्ता त्याने एका हाताने कापला. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं.

तो अर्धा तास देवीलाल वर्षभर सोबत घेऊन हिंडत होता.

राजदीपचे आजोबा डोमाजी छप्पन साली अठ्ठावीस वर्षांचे होते. यवतमाळपर्यंत पायी आणि पुढे ट्रकच्या टपावर बसून ते दसऱ्याला नागपूरला गेले होते आणि लाखो लोकांबरोबर त्यांनी दीक्षा घेतली होती. उद्याच्या दसऱ्याला त्याला पन्नास वर्षं पुरी होत होती. दर वर्षी ते एसटीने जात. यंदा गुडघे साथ देईनात आणि एसटीत पाय ठेवायला जागा मिळणार नाही, हेही उघड होतं. तेव्हा देवीलाल स्वतः त्यांच्या दारात गेला आणि म्हणाला, "बाबा, मी नेतो."

गाडी कोणती, हे डोमाजींना ठाऊक होतं.

"वळण घेते का ती?" त्यांनी विचारलं.

"घेईल असं करतो," देवीलाल म्हणाला.

म्हणून हे स्टेअरिंग.

पूनमसिंग हा हात काळे आणि तोंड मोकळं ठेवणारा माणूस. भंगारातल्या एका जीपचा स्टेअरिंगचा डबा त्याने शोधून आणला होता. जुना डबा काढून तो नवा बसवायचा, आणि त्याच्यापासून पुढच्या चाकांपर्यंत एक लोखंडी दांडा जोडायचा, असं काम होतं. काम करताना त्याला ऐकणारे लागत. ते त्या दिवशी तीन होते.

"पोट्टेहो, इकडं पाहा. स्टेअरिंग फिरवलं की हा दांडा सरकते. दांडा सरकला की चाकं वळते. दांडा सुटला तं?"

"चाकं वळत नाई," राजदीप म्हणाला.

"मंग तुमी स्टेअरिंग फिरवत बसा अन् गाडी तिले वाटंल तिकडं जाईल." पूनमसिंगने एक नट पुढे धरला. त्याच्या डोक्यावर मुकुटासारख्या खाचा होत्या. "म्हणून दांडा दोन्ही टोकांले ह्या नटानं धरायचा. पण नट कितीबी कसा, रस्ता त्याले ढिला करते. रोज थोडा, रोज थोडा. त्याच्यासाठी बोल्टले आरपार भोक असते. नटाची खाच भोकासमोर आणायची, त्यातून पिन घालायची अन् मागून तिचे दोन पाय वाकवायचे. मंग नटाच्या बापालेबी फिरता येत नाई. ह्या टोकाले एक, त्या टोकाले एक. किती झाल्या?"

"दोन," तिघं म्हणाले.

"पाकिटात किती हायेत?"

वर्षाने प्लॅस्टिकचं बंद पाकीट उजेडाकडे धरलं. "दोनच. एखादी हरपली तं?"

"पूनमसिंगच्या हातून पिन हरपत नाई."

हे त्याचं म्हणणं अगदी खरं ठरलं. एकही पिन हरपली नाही. सगळा घोटाळा तिथूनच झाला.

दुपारी चारपासून सुखीबाईच्या हाका सुरू झाल्या. सुखीबाई ही पूनमसिंगची आई. सगळा तांडा तिला 'याडी' म्हणे, म्हणजे आईच. त्या दिवशी खंडेनवमी होती. घरातली हत्यारं धुऊनपुसून सूर्य मावळायच्या आत पूजेला ठेवायची, आणि एकदा ठेवली की दसऱ्याचं सोनं वाटून होईपर्यंत कोणी त्यांना हात लावायचा नाही, असा त्या घरचा नेम होता. सासऱ्यांच्या वेळी ती हत्यारं म्हणजे विळा आणि कुऱ्हाड. आता पाने आणि पकडी होत्या. नेम तोच.

"पूनम, दिवस बुडून राह्यला."

"आलो याडी."

असं तीनदा झालं. चौथ्यांदा सुखीबाई हाक मारायला आली नाही, टोपलं घेऊन आली. गाडीखालून पूनमसिंगचे फक्त पाय दिसत होते. तिने जमिनीवरचं एकेक उचलायला सुरुवात केली. पाने गेले, हातोडी गेली, जॅक गेला, पायाने मारायचा हवेचा पंप गेला. म्हातारीपाशी अंथरलेलं पोतंसुद्धा झटकून घेतलं. पूनमसिंगच्या डोक्याशी काय काय पडलं होतं, तेही गेलं.

"झालंच याडी," तो आतून म्हणाला. "नट बसले." आणि बाहेर सरकला.

देवीलाल गाडीत बसला. त्याने इंजिन चालू केलं आणि मोडून जुळलेल्या हाताची दोन बोटं स्टेअरिंगवर ठेवली. म्हातारी डावीकडे वळली. मग उजवीकडे. गॅरेजसमोरच्या मोकळ्या जागेत तिने एक अख्खी गिरकी घेतली. राजकुमारने टाळ्या पिटल्या. पूनमसिंग कमरेवर हात ठेवून बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते त्याने गावभर दाखवलं असतं, पण प्रेक्षक एवढेच होते.

देवीलाल मात्र उतरला नाही. गाडी थांबल्यावरही तो स्टेअरिंगवर हात ठेवून बराच वेळ बसून राहिला. वर्षा जवळ गेली तेव्हा म्हणाला, "एवढंच करायचं होतं पोरी. हे मागच्या वर्षी केलं असतं तं."

वर्षाने काचेवरची धूळ पुसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला गॅरेजसमोर म्हातारी धुऊन उभी होती. नाकावर झेंडूची माळ होती. डोमाजी पांढऱ्या सदऱ्यात, काठी टेकत आले. वस्तीतली आणखी तीन म्हातारी माणसं होती. राजदीपची माय सत्यभामा पांढरं लुगडं नेसून सगळ्यांच्या मागे उभी होती. वर्षभर ती म्हातारीच्या वाऱ्याला उभी राहिली नव्हती. तांड्यावरून गाडीचा आवाज आला तरी दार लावून घ्यायची. पण सासऱ्याला एकट्याला कसं सोडायचं, म्हणून निघाली होती. राजदीपला जागा नव्हती. तोही पांढरा सदरा घालून निरोप द्यायला आला होता.

"पोट्टेहो, परसाद घ्या," सुखीबाईने हाक दिली.

ओसरीवर पाटावर हत्यारं मांडली होती. पाने लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने, मध्ये हातोडी, एका बाजूला जॅक, दुसऱ्या बाजूला पंप. प्रत्येकावर हळदीकुंकवाची बोटं आणि एक एक फूल. सुखीबाई कोणाला वगळणारी नव्हती. लहान पान्याच्या शेजारी तिने प्लॅस्टिकचं एक छोटं पाकीटही ठेवलं होतं. त्यावरही कुंकू होतं.

वर्षाचा खोबऱ्याचा तुकडा तोंडापाशीच थांबला.

"राजकुमार, ते पाकीट पाह्य."

"काय हाय त्यात?"

"तूच पाह्य ना."

राजकुमारने मान वाकवली. पाकिटाचं तोंड कालसारखंच बंद होतं. आत दोन पिना शेजारी शेजारी निजल्या होत्या.

"दोन," तो हळू आवाजात म्हणाला.

"लागत किती होत्या?"

राजदीप उत्तर द्यायला थांबला नाही. तो सरळ जाऊन गाडीखाली शिरला. आत ग्रीसचा थर होता. त्याने दांड्याचं टोक शोधलं, नटाच्या खाचांवरून बोट फिरवलं. पिनेचे वाकलेले पाय कुठेच लागले नाहीत. नट त्याच्या बोटाखाली किंचित सरकला, का तसा भास झाला, ते त्याला सांगता आलं नसतं. तो बाहेर आला तेव्हा त्याचा सदरा छातीपासून पोटापर्यंत काळा होता.

पुढच्या पाच मिनिटांत तिघांनी तीन मोठ्या माणसांना सांगून पाहिलं. त्याची नोंद अशी. पूनमसिंग म्हणाला, "त्या दुसऱ्या असतील. मी काल बसवल्या. अन् आज पान्याले हात लागत नाई, उद्या पाहू." देवीलाल म्हणाला, "काल तुमीच पाह्यलं ना, लोण्यावानी फिरते. उशीर करून नका राहू." आणि सत्यभामा म्हणाली, "आजच्या दिवशी तरी सदरा चांगला ठेवला असता तं." तिघांनी तीन उत्तरं दिली. खाली वाकून मात्र एकानेही पाहिलं नाही.

माणसं गाडीत बसायला लागली. डोमाजींना दोघांनी धरून पुढच्या सीटवर बसवलं. सत्यभामा दारापाशी अडली. मागच्या सीटकडे तिने एकदा पाहिलं, डोळे मिटले आणि आत गेली. तिने हात मांडीवर ठेवले, सीटला लावले नाहीत.

राजदीपने ते पाहिलं.

"गाडी थांबवली पाहिजे," तो म्हणाला.

"पुढं आडवं पडू का?" राजकुमारने विचारलं.

"तुले उचलून बाजूले ठेवतील. पोतंभरबी नाई तू," वर्षा म्हणाली. तिची नजर ओसरीवर गेली आणि तिथेच राहिली. "राजदीप, चाकातली हवा गेली तं काय लागते?"

"दुसरं चाक लावाले जॅक. नाई तं हवा भराले पंप."

"अन् जॅक कुठं हाय?"

राजदीपने ओसरीकडे पाहिलं. जॅकवर झेंडूचं फूल होतं. पंपावरही होतं.

"पण पिना असल्या तं?" राजकुमार कुजबुजला. "तुह्या आबाजीचं पन्नासावं वरीस जाईल ना बे."

हे राजदीपच्याही मनात आलं होतं. आबाजी महिनाभर या दिवसाविषयी बोलत होते. पिना जागेवर असल्या, तर हा दिवस नातवाने घालवला असं जन्मभर म्हटलं गेलं असतं, आणि ते खोटंही नसतं. त्याने बोटावरचं ग्रीस पाहिलं. मग कुंपणाच्या बाभळीचा एक लांब काटा मोडला.

"तुमी आवाज करा," तो म्हणाला.

वर्षा खिडकीतून हात घालून भोंगा दाबत सुटली. "बा, भोंगा पाहून राह्यली, वाजते का नाई." राजकुमारने काकाची वाट अडवली आणि जीपचा डबा मोटारीला कसा बसला, हे पहिल्यापासून सांगायला लावलं. असा प्रश्न कोणी विचारला तर पूनमसिंग घर जळत असलं तरी उत्तर पुरं करील. भोंगा आणि काका यांच्या आवाजात पुढच्या डाव्या चाकाच्या व्हॉल्व्हमध्ये काटा दाबल्यावर निघालेला फुसकारा कोणाला ऐकू आला नाही. देवीलालने गिअर टाकला तेव्हा म्हातारी त्या बाजूला कलली आणि तिथेच बसली.

सगळे खाली उतरले. फक्त डोमाजी बसून राहिले.

"कोण?" पूनमसिंग ओरडला.

"मी," राजदीप म्हणाला. काटा अजून त्याच्या हातात होता.

देवीलालचा हात वर गेला. तोच हात, ज्याचं मनगट मोडलं होतं. तो वरच थांबला आणि खाली आला. सत्यभामा पुढे झाली. तिचा आवाज चढला नाही, तेच जास्त वाईट होतं.

"राजदीप, आबाजीच्या आयुष्यात हा दिवस पुन्हा येते का?"

"माय, पिना बसवल्या नाई. मी हात लावून पाह्यला." त्याने ग्रीसने माखलेलं बोट पुढे केलं. "बाबा याच गाडीत होते. आता तू बसली."

पूनमसिंगने घसा साफ केला. "स्टेपनी हाय. पण जॅक पूजेत हाय. आज काई होत नाई."

तेव्हा डोमाजींनी काठी बाहेर टेकवली आणि कोणाचा हात न घेता, वेळ लावून, खाली उतरले. नातवाला त्यांनी दोन प्रश्न विचारले.

"हवा तू सोडली?"

"हो."

"पिन नसली तं काय होते?"

"स्टेअरिंग फिरते आबाजी, चाकं नाई वळत."

डोमाजी ओसरीपाशी गेले. पायरीवर त्यांनी पाऊल ठेवलं नाही. "बाई," ते सुखीबाईला म्हणाले, "आमच्या घरी हत्याराची पूजा नाई. पण तुमच्या घरी हाय, म्हणून इचारतो. यातला एक पाना उचलू का?"

सुखीबाईने त्यांच्याकडे पाहिलं, मग पाटावरच्या पाकिटाकडे. तिला वाचता येत नव्हतं. पण बंद पाकीट बंद असतं, हे कळायला वाचावं लागत नाही.

"पूनम," ती म्हणाली. "काल मी टोपलं घेऊन आली तवा काम पुरं झालतं?"

"नट बसवले होते याडी."

"मी नटाचं नाई इचारलं. काम पुरं झालतं का?"

पूनमसिंगने पाटावरच्या पाकिटाकडे पाहिलं.

"हातानं कसले होते," तो म्हणाला. "पान्यानं कसून पिना घालणारच होतो. पाहतो तं पाने गेलते. मंग गाडी फिरली, सगळे खूश झाले, अन् मले वाटलं..." त्याने वाक्य सोडून दिलं.

"हत्यारं काम करून थकते म्हणून त्याले एक दिवस आराम देते आपून. मी ती अर्ध्या कामातून उचलली अन् तू बोलला नाई. अन् मीबी डोळे असून पाह्यलं नाई." सुखीबाईने फूल बाजूला केलं, सगळ्यांत मोठा पाना उचलला आणि मुलाच्या हातात दिला. "ती पूजा झालीच नाई. कर आता."

जॅक लागला, चाक निघालं. पूनमसिंग दांड्यापाशी वाकला. त्याने पाना लावलाच नाही. एक बोट नटावर ठेवलं आणि फिरवलं. दोन आटे फिरून नट त्याच्या तळहातावर आला.

काल संध्याकाळची एक गिरकी आणि तांड्यावर जाऊन येणं, एवढाच रस्ता म्हातारी चालली होती.

त्याने हातोडी उचलली आणि बोल्टवर हलकेच एक टोला मारला, रस्त्यातला खड्डा मारील तेवढाच. दांड्याचं टोक खळकन खाली पडलं.

"देवीलालभाऊ," तो म्हणाला, "स्टेअरिंग फिरवा."

देवीलालने फिरवलं. डावीकडे फिरलं, उजवीकडे फिरलं. खरोखर लोण्यासारखं. उजवं चाक जमिनीवर होतं, ते सरळ समोर यवतमाळच्या रस्त्याकडे बघत राहिलं. डावीकडे चाकाची मोकळी थाळी होती, तीही जागची हलली नाही. देवीलाल फिरवत राहिला. वर्षा खिडकीपाशी जाऊन म्हणाली, "बा, बस," तेव्हा तो थांबला.

सत्यभामा खाली बसली. जमिनीवरच, पांढऱ्या लुगड्यानिशी. मग तिने राजदीपला जवळ ओढलं आणि त्याच्या काळ्या सदऱ्यावर कपाळ टेकलं. कपाळालाही ग्रीस लागलं. ते तिने पुसलं नाही.

पुढचं काम पूनमसिंगने एकही शब्द न बोलता केलं. नट पान्याने कसले, खाच भोकासमोर आणली, मग पाकीट फोडून दोन्ही पिना वर्षाच्या हातावर ठेवल्या. तिघं गाडीखाली गेले. पाकिटावरचं कुंकू पिनांनाही लागलं होतं. एक वर्षाने घातली, एक राजकुमारने, आणि पकडीने पाय राजदीपने वाकवले.

"वाकले?" बाहेरून पूनमसिंगने विचारलं.

"वाकले."

"दोन्ही?"

"चारही," वर्षा म्हणाली. "बाकी काका, तुमच्या हातून पिन हरपत नाई हे खरं हाय."

पूनमसिंग हसला नाही. "पोरी," तो म्हणाला, "यापुढं मी काम झालं म्हटलं की तू खाली जाऊन पाहत जाजो." गावात त्याने आजवर कोणाला एवढा मान दिला नव्हता.

सुखीबाईने तिघांच्याही हातावर दुसऱ्यांदा प्रसाद ठेवला आणि त्याच बोटांनी तिघांच्या कपाळाला कुंकू लावायला निघाली. राजदीपपाशी आल्यावर तिने हात थांबवला, डोमाजींकडे पाहिलं आणि कुंकवाऐवजी त्याच्या डोक्यावर तळहात ठेवला.

"तुमचा नातू हाय बाबा," ती म्हणाली. "पण आज आमच्या घरची पूजा त्यानं पुरी केली."

डोमाजींनी मान हलवली. "पन्नास वर्षांमागं मी गेलतो तवा कोणी सांगितलं म्हणून गेलो नव्हतो. सोता पाह्यलं, पटलं, मंग गेलो. यानं तेच केलं." मग देवीलालला म्हणाले, "पोरगं माह्या पायापाशी बसन. चाल. दोन तासांनी नागपूर कुठं पळते?"

"आमाले जागा नाई का?" राजकुमारने विचारून पाहिलं.

"हवा भराले कोण पाहिजे?" पूनमसिंगने पंप त्याच्या पुढ्यात ठेवला. सोडलेली हवा परत भरायला अडीचशे पायदाब लागले. शंभरावर राजकुमार गप्प झाला, दीडशेवर वर्षाने पंप घेतला.

"कळंबले थांबली की खाली शिरून पाहजो," निघताना तिने राजदीपला बजावलं. "नुसतं वाकून नाई. बोट लावून."

म्हातारी नऊला निघाली. दोन्ही बाजूंना कपाशी उभी होती, अर्धी काळी. कुठे कुठे बाया वेचणीला लागल्या होत्या, जे मिळेल ते. उतार आला तेव्हा देवीलालने गिअर बदलला आणि दोन्ही हात स्टेअरिंगवर नीट ठेवले. राजदीपने मागे वळून पाहिलं. मायने डोळे मिटले नव्हते. ती समोर बघत होती, त्या आडव्या वळणाकडे.

देवीलालने स्टेअरिंग फिरवलं. म्हातारी एका दमात वळली आणि पुढच्या सरळ रस्त्याला लागली. थांबावं लागलं नाही, मागे घ्यावं लागलं नाही.

बराच वेळ गेला. यवतमाळची पहिली घरं दिसायला लागली तेव्हा सत्यभामाने हात सीटवर टेकवला आणि कोणालाच न विचारल्यासारखं विचारलं,

"एवढंच होतं ते वळण?"

देवीलालने आरशात पाहिलं आणि मान डोलावली. पुढे नागपूरपर्यंत त्याने गाडी सावकाश चालवली.